पाण्याचा टी-वन किती? आधी तापमान सांगा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिक परीक्षेत दरवर्षी होणाऱ्या एका अन्यायाबद्दल हे पत्र आहे. टेबलावर मावणाऱ्या छोट्या एनएमआर (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुनाद) यंत्रावर विद्यार्थी पाण्याचा टी-वन हा शिथिलन-काळ, म्हणजे रिलॅक्सेशन टाइम, मोजतो. परीक्षकाजवळच्या कागदावर 'टी-वन = ३.६ सेकंद' एवढेच लिहिलेले असते. विद्यार्थ्याला ३.० आले, किंवा ४.५ आले, की गुण कापले जातात. प्रत्यक्षात हे तिन्ही आकडे बरोबर असू शकतात. ३.६ हा २५ अंशांवरच्या, विरलेला ऑक्सिजन काढून टाकलेल्या पाण्याचा आकडा आहे. तेच पाणी हवेला उघडे ठेवून मोजले तर तीन सेकंदांच्या आसपास येते. नायट्रोजन सोडून ऑक्सिजन काढलेले पाणी ३७ अंशांवर ठेवलेल्या चुंबकात मोजले तर साडेचारच्या आसपास. आकड्यासोबत परिस्थिती लिहिली नसेल तर त्या आकड्याला किंमत द्यायची कशी?

विषय रसायनशास्त्राच्या वर्गापुरता नाही. एमआरआयच्या चित्रातला काळा-पांढरा फरक मुख्यतः टी-वन आणि त्याचा जोडीदार टी-टू या दोन काळांवर उभा असतो, आणि आपल्या संत्र्याचा रस हे त्याचे फार चांगले उदाहरण आहे. म्हणून जागेची मर्यादा ठाऊक असूनही थोडे सविस्तर लिहीत आहोत.

चुंबकात ठेवलेल्या द्रवातील हायड्रोजनच्या केंद्रकांना रेडिओ लहरीचा छोटा झटका दिला की ती चुंबकाच्या दिशेपासून ढळतात. पुन्हा त्या दिशेला येण्याचा काळ तो टी-वन. आणि झटक्यानंतर एका तालात फिरणाऱ्या केंद्रकांचा, लेझीमच्या पथकाचा हळूहळू सुटावा तसा, ताल सुटण्याचा काळ तो टी-टू. केंद्रक आपणहून परत येत नाही. त्याला शेजारचे, त्याच रेणूतले दुसरे केंद्रक ढकलते. पाण्याच्या रेणूत दोन हायड्रोजन एकमेकांपासून दीड अँगस्ट्रॉमवर असतात आणि रेणू गोल फिरला, उलटापालटा झाला, की एकाचे चुंबकीय क्षेत्र दुसऱ्याला डळमळते जाणवते. या डळमळीत यंत्राच्या वारंवारतेशी जुळणारा जो भाग असतो, तोच टी-वन घडवतो.

पाण्याचा रेणू २५ अंशांवर अडीच-पावणेतीन पिकोसेकंदांत (पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग) आपली दिशा विसरतो. द्रवाचा चिकटपणा आणि रेणूचा आकार यांवरून हा काळ देणाऱ्या डिबायच्या सूत्रात ०.८९ सेंटिपॉइज चिकटपणा आणि रेणूची साधारण १.४४ अँगस्ट्रॉम त्रिज्या घातली की हाच आकडा मिळतो. २० मेगाहर्ट्झच्या यंत्रात केंद्रकाची एक फेरी ५० नॅनोसेकंदांची. म्हणजे केंद्रक एकदा फिरेपर्यंत रेणूने सुमारे अठरा हजार वेळा दिशा बदललेली असते. इतक्या घाईत ढकलण्याचा परिणाम जवळजवळ पुसला जातो, म्हणून पाण्याचा टी-वन सेकंदांत मोजावा लागतो. पाणी तापले की रेणू आणखी वेगाने फिरतो, परिणाम आणखी पुसला जातो आणि टी-वन वाढतो. दर अंशाला साधारण दोन टक्के, ही वाढ लक्षात ठेवण्यासारखी आहे. ४५ अंशांवर, म्हणजे मे महिन्यातल्या नागपूरच्या दुपारच्या तापमानाला, पाण्याचा चिकटपणा ०.६० सेंटिपॉइजपर्यंत उतरतो आणि टी-वन पाच सेकंदांच्या वर जातो.

यात एक नेहमीची चूक होते. लहान यंत्रातला स्थायी चुंबक बहुधा ३५ ते ४० अंशांवर स्थिर ठेवलेला असतो, नाहीतर त्याचे क्षेत्र सरकत राहते. वातानुकूलित खोलीतली २५ अंशांची नळी आत घालून दोन मिनिटांत मोजणी सुरू केली, तर पहिले बिंदू २८ अंशांवरचे आणि शेवटचे ३७ अंशांवरचे असतात. आलेख दिसायला गुळगुळीतच येतो, म्हणून चूक पकडली जात नाही. नळी निदान पंधरा मिनिटे आत ठेवून मगच मोजावे. खोलीच्या भिंतीवरचा थर्मामीटर इथे काहीच सांगत नाही. नमुन्याच्या जागी तितक्याच पाण्याची दुसरी नळी ठेवून तिच्यात बारीक, अचुंबकीय थर्मोकपल सोडून एकदा तपासावे.

मोजणीची रीतही सांगतो. इन्व्हर्जन रिकव्हरीत १८० अंशांचा झटका, मग थांबा, मग ९० अंशांचा झटका. थांब्याचे आठ-दहा बिंदू ०.१ सेकंदापासून १५ सेकंदांपर्यंत घ्यावेत. दोन मोजण्यांमधली विश्रांती टी-वनच्या पाचपट हवी, म्हणजे पाण्यासाठी १८ सेकंद. चार-चार वेळा मोजले तर सगळे मिळून पंधरा मिनिटे लागतात. ही पंधरा मिनिटे वाचवण्यासाठी विश्रांती ५ सेकंदांवर आणली जाते आणि मग टी-वन खोटाच कमी येतो. खात्रीसाठी शून्यबिंदू बघावा. संकेत उणेतून अधिकमध्ये जाताना जिथे शून्य होतो, तो काळ टी-वनच्या ०.६९३ पट असतो. ३.६ सेकंदांच्या पाण्यासाठी तो अडीच सेकंदांना येतो. शून्यबिंदू अडीचला आणि जुळवणीतून आलेला टी-वन २.८, असे झाले तर झटक्याची लांबी किंवा विश्रांती यांपैकी एक नक्की चुकले आहे.

ऑक्सिजन काढण्याबद्दल इशारा. सेंद्रिय द्रवासाठी गोठवणे, हवा ओढणे, वितळवणे असे तीन-चार फेरे करतात. हीच रीत पाण्याला लावली तर गोठताना पाणी प्रसरण पावते आणि पातळ काचेची नळी तडकते. पाण्यात बारीक केशिकेने पंधरा-वीस मिनिटे नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडावा आणि लगेच झाकण बसवावे. बेंझिनसारख्या द्रवात ऑक्सिजन पाण्यापेक्षा कितीतरी जास्त विरतो. त्याचा टी-वन हवेत तीन सेकंदांच्या आसपास आणि ऑक्सिजन काढल्यावर एकोणीस. एवढा फरक एका अदृश्य वायूमुळे पडतो, आणि आपल्या प्रात्यक्षिक वह्यांत त्याला रकानाच नसतो.

रेणूचे फिरणे मंदावले की काय होते हे ग्लिसरीन उत्तम दाखवते. ब्लोमबर्गन, पर्सेल आणि पाउंड यांनी १९४८ मध्ये याच द्रवावर दाखवून दिले की फिरणे मंदावत नेले तर टी-वन आधी घटतो, तळ गाठतो आणि पुन्हा वाढू लागतो. टी-टू मात्र घटतच जातो. तळ कुठे येईल हे यंत्राच्या वारंवारतेवर ठरते: २० मेगाहर्ट्झला रेणूचा भ्रमणकाळ (दिशा विसरायला लागणारा काळ) ४.९ नॅनोसेकंद असताना, ६० ला १.६ असताना, ४०० ला पाव नॅनोसेकंद असताना. त्यामुळे नुसता टी-वन मोजून रेणू जलद फिरतो की मंद, हे सांगता येत नाही. दरीच्या दोन्ही उतारांवर तोच आकडा मिळू शकतो. टी-टू जवळपास तेवढाच आला तर आपण जलद बाजूला आहोत, खूप कमी आला तर बहुधा मंद. 'बहुधा' का, ते पुढे येईल.

ग्लिसरीन वापरताना बाटलीचे झाकण पाहावे. शुद्ध ग्लिसरीनचा चिकटपणा २० अंशांवर १४१० सेंटिपॉइज. वजनाने पाच टक्के पाणी शिरले की ५२३, दहा टक्के शिरले की २१९. आपल्याकडे जुलैत उघडी राहिलेली बाटली हवेतली ओल ओढून घेते आणि मार्चमध्ये मोजलेला आकडा ऑगस्टमध्ये येत नाही. दोष यंत्राला दिला जातो. ग्लिसरीनची बाटली डेसिकेटरमध्ये ठेवावी आणि वापरण्याआधी अपवर्तनांक तपासावा.

आता दुसरी बाजू, रासायनिक देवाणघेवाण. पाठ्यक्रमात हिला अर्धे पान मिळते आणि तिथेच सगळा घोटाळा होतो. द्रवातला हायड्रोजन एका रेणूला कायमचा चिकटलेला नसतो. अल्कोहोलचा ओएच, साखरेचा ओएच, पाणी हे एकमेकांत हायड्रोजन बदलत राहतात. १९५१ मध्ये आर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी इथेनॉलचे तीन वेगळे संकेत दाखवले. यांतले धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे एनएमआरचे काम उभे राहिले. हे नाव आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असायला हवे. त्याच इथेनॉलला अगदी कोरडे आणि आम्लमुक्त केले तर ओएचचा संकेत तीन शिखरांत फुटलेला दिसतो. आम्लाचा अंश पडला की देवाणघेवाण वाढते आणि एकच शिखर उरते.

साध्या पाण्यातही हे घडते. निसर्गातल्या दर दहा हजार ऑक्सिजन अणूंत तीन-चार अणू ऑक्सिजन-१७ या जड समस्थानिकाचे असतात आणि ते आपल्या हायड्रोजनची वारंवारता बदलतात. सामू (पीएच) ७ असताना हायड्रोजन एका रेणूवर सुमारे एक मिलिसेकंद टिकतो. हा काळ नेमका असा की वारंवारतेतल्या त्या फरकाने ताल बिघडतो आणि टी-टू टी-वनच्या खाली येतो. थेंबभर आम्ल किंवा अल्कली घातली की हायड्रोजन इतक्या वेगाने जागा बदलतो की फरक पुसला जातो आणि टी-टू पुन्हा टी-वनच्या बरोबरीला येतो. रेणूचे फिरणे बदललेले नाही, तापमान बदललेले नाही, टी-वन जागेवर आहे. मायबूम यांनी १९६१ मध्ये हे मांडले. तेव्हा 'टी-टू कमी म्हणजे रेणू मंद' हा निष्कर्ष शुद्ध पाण्यातही फसू शकतो.

संत्र्याच्या रसात हाच परिणाम मोठा होऊन समोर येतो. समजायला आधी १० ग्रॅम साखर ९० ग्रॅम ऊर्ध्वपातित पाण्यात घ्या. रसाचे ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या साखरेचे शेकडा प्रमाण, याच्या जवळपास असते. साखरेच्या एका रेणूत आठ ओएच. हिशेब केला तर एकूण अदलाबदल होणाऱ्या हायड्रोजनपैकी शंभरात सव्वादोन साखरेवर आणि बाकी पाण्यावर. दोन्हींच्या संकेतांत एक पीपीएमचा (वारंवारतेच्या दहा लाखांत एक भागाचा) फरक आणि देवाणघेवाणीचा वेग सेकंदाला एक हजार धरू. जलद देवाणघेवाणीत टी-टूच्या वेगात (एक भागिले टी-टू) पडणारी भर म्हणजे दोन्ही वाट्यांचा गुणाकार, गुणिले वारंवारतेतल्या फरकाचा (सेकंदाला रेडियनमध्ये) वर्ग, भागिले देवाणघेवाणीचा वेग. २० मेगाहर्ट्झला ही भर सेकंदाला ०.३५ येते. ६० मेगाहर्ट्झला फरक तिप्पट, वर्ग नऊपट, म्हणून भर ३.२. देवाणघेवाणीशिवायचा मूळ वेग ०.४५ धरला तर पहिल्या यंत्रावर टी-टू सव्वा सेकंद आणि दुसऱ्यावर पाव सेकंदाहून किंचित जास्त.

एकच बाटली, एकच तापमान, आणि आकड्यांत साडेचार पटींचा फरक. टी-वन मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच. दोन महाविद्यालयांच्या वह्या शेजारी ठेवल्या तर एका विद्यार्थ्याला शंभर आणि दुसऱ्याला शून्य मिळेल, आणि दोघांनीही बरोबर मोजलेले असेल.

रसात आणखी एक गोष्ट आहे. त्याचा सामू साडेतीनच्या आसपास असतो. आम्लाने देवाणघेवाण वेग घेते. वेग हजारावरून दहा हजारावर गेला तर वरची भर दहापट घटते. म्हणजे आंबट रसाचा टी-टू, तेवढ्याच ब्रिक्सच्या साध्या साखरपाण्यापेक्षा जास्त येऊ शकतो. आंबिया बहाराचा आणि मृग बहाराचा रस शेजारी मोजून 'याचा टी-टू जास्त, म्हणजे यात साखर कमी' असे लिहिणे म्हणूनच धोक्याचे. आधी रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स, मग मीटरने सामू, आणि मग टी-टू. रस मलमलच्या फडक्यातून गाळून दहा मिनिटे सेंट्रिफ्यूज करावा. गराचे कण राहिले तर पेशींच्या आतले आणि बाहेरचे पाणी वेगळे वागते आणि एका घातांकात आलेख बसतच नाही. काढल्यापासून तासाभरात मोजावे. आंबायला लागला की वायूचे बुडबुडे चुंबकीय क्षेत्र बिघडवतात.

सामू स्थिर राहावा म्हणून साखरपाण्यात फॉस्फेट बफर घालणारेही आहेत. हेतू चांगला, पण फॉस्फेट स्वतःच हायड्रोजनची ने-आण करते आणि देवाणघेवाण वाढवते. जे मोजायचे तेच बदलते. त्याऐवजी विरळ हायड्रोक्लोरिक आम्ल किंवा कॉस्टिक सोडा थेंबाथेंबाने घालावा, नळी लगेच बंद करावी, आणि मोजून झाल्यावर सामू पुन्हा पाहावा, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड तो खाली ओढतो.

टी-टू मोजण्यासाठी सीपीएमजी वापरतात: एका ९० नंतर १८० अंशांच्या झटक्यांची लांब रांग. प्रत्येक १८० नंतर पुन्हा उठणारा संकेत म्हणजे एको. दोन एकोंमधले अंतर वहीत लिहिण्याची पद्धत नाही, ती सुरू व्हायला हवी. अंतर ०.२ मिलिसेकंद ठेवले तर वरच्या उदाहरणातली देवाणघेवाण जवळपास दबून जाते. १० मिलिसेकंद ठेवले तर ती बहुतांश दिसते. याचा उपयोग करून घेता येतो. एकाच नमुन्यावर ०.२, ०.५, १, २, ५ आणि १० मिलिसेकंदांवर टी-टू मोजा. आकडा अंतराबरोबर घटत जाऊन एका पातळीला स्थिरावला, तर ती देवाणघेवाण. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वेग वाढतच राहिला आणि थांबला नाही, तर तो क्षेत्राच्या असमानतेतून होणाऱ्या विसरणाचा (डिफ्यूजनचा, म्हणजे रेणू इकडेतिकडे सरकण्याचा) परिणाम. यंत्र शिम करा, म्हणजे क्षेत्र एकसारखे करा, नळीत द्रव फक्त एक सेंटिमीटर उंचीचा ठेवा. आणखी एक पडताळा सोपा आहे: आम्लाचा थेंब टाका. देवाणघेवाण असेल तर आकडा बदलतो, विसरणाला सामूचे काही देणेघेणे नाही.

मोठ्या यंत्रावर, ४०० मेगाहर्ट्झला, शुद्ध पाणी मोजू नये. पाण्याचा संकेत इतका जोरदार असतो की तो कॉइलमधून उलटा स्वतःलाच ढकलतो, याला रेडिएशन डॅम्पिंग म्हणतात, आणि टी-वन फसवा येतो. जड पाण्यात थोडे साधे पाणी घेऊन मोजता येते, पण तो आकडा साध्या पाण्याचा म्हणून लिहू नये. जड पाणी अधिक चिकट आहे आणि शेजारचा ढकलणारा हायड्रोजनच बदललेला आहे.

एमआरआयबद्दल थोडक्यात. गॅडोलिनियमचे कॉन्ट्रास्ट औषध पाण्याचा टी-वन कमी करते ते या दोन्ही गोष्टींच्या जोडीने. गॅडोलिनियम-डीटीपीए या संयुगावर पाण्याचा एक रेणू २५ अंशांवर सुमारे ३०० नॅनोसेकंद बसतो आणि निघून जातो. संयुग स्वतः शंभराहून कमी पिकोसेकंदांत फिरते. संयुग प्रथिनाला बांधून त्याचे फिरणे मंदावले की परिणाम वाढतो, पण मग पाण्याची ये-जा पुरेशी जलद नसेल तर तीच अडचण ठरते. प्रयोगशाळेत हीच गोष्ट मँगनीज सल्फेटने दाखवता येते. ०.१ मिलिमोलरचे द्रावण घ्या; टी-टू टी-वनपेक्षा स्पष्टपणे लहान येईल. तेवढ्याच मोरचुदाच्या द्रावणात दोन्ही काळ जवळपास असतात. याच कारणाने काचसामान धुताना नळाच्या पाण्याचा शेवटचा हात देऊ नये. लोह-मँगनीजचा अंशही आकडा हलवतो.

परीक्षा मंडळाला आमची मागणी साधी आहे. छापील उत्तराचा कागद बंद करावा. त्याऐवजी वहीत आकड्याशेजारी यंत्राची वारंवारता, नमुन्याचे प्रत्यक्ष तापमान, ऑक्सिजन काढला की नाही, सामू, एकोंमधले अंतर आणि विश्रांतीचा काळ एवढे रकाने छापावेत आणि गुण त्या रकान्यांना व त्यातून आकडा कसा पटतो याला द्यावेत. लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आपल्याच शहरात, अमरावती रोडवर आहे. रसाचे नमुने तिथल्या आणि महाविद्यालयांच्या यंत्रांवर शेजारी-शेजारी मोजले गेले तर हे रकाने भरायची सवय आपोआप लागेल. पुढच्या हिवाळी सत्रासाठी वह्या छापायला जातील, त्याआधी हा बदल व्हावा. नव्या वहीतले पहिले प्रात्यक्षिक साखरपाण्याचे ठेवावे. त्याला लागतात दहा ग्रॅम साखर, एक ड्रॉपर आणि दोन तास.

आपले,
पदार्थविज्ञान व रसायनशास्त्राचे काही अध्यापक आणि प्रयोगशाळा सहायक,
नागपूर